जमिनीचा दोष

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार. पालम.
अक्का मला आणि तिच्या सासूला, म्हणजे दगडामावशीला, परभणीला डॉक्टरकडं घेऊन गेली. दोघांनाही साखर. मावशीला म्हातारपणी निघाली, मला दहावीच्या वर्षी. माझी दहावी साखरेनंच नेली, गणिताचा काही संबंध नाही. डॉक्टर म्हणला, डोळे मीट, तळपायाला कापूस लावतो, लागला की सांग. मी लगेच लागला म्हणलो. तो म्हणला, अजून डबीतून काढला नाही. असं फसवून निदान करतात. निकाल: पायाच्या नसा बधिर, म्हणून तोल जातो. उपाय: खुर्ची नाहीतर भिंत धरून एका पायावर उभं राहायचं, टाचेला अंगठा लावत चालायचं, अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवे बघायचे. मी सांगितलं, तोल जात नाही, पालमची जमीनच उतरती हाय. तरी व्यायाम उद्यापासून पक्का. पहाटे पाचला.

४ फेब्रुवारी
पाचला थंडी लय. नऊला अक्कानं दोघांना भिंतीपाशी उभं केलं. मावशीनं भिंत सोडली. म्हणून मीही सोडली. तेवढ्यात बाहेर लाऊडस्पीकर वाजला, लक्ष गेलं, मावशीच्या अंगावर गेलो. ती म्हणली, मुडद्या, तुला पडायचं तर पड, मला कशाला संगट नेतूस?
स्पीकर सायकलवाल्यांचा होता. बाजार मैदानात सिताराम मास्तर सात दिवस सायकलवरून उतरणार नाही. जेवण, आंघोळ, दाढी सगळं वरच. व्यायाम अर्धा ठेवून बघायला गेलो. दिवस मावळल्यावर घरी.

५ फेब्रुवारी
मास्तरशी बोललो. तो थांबू शकत नाही, म्हणून शेजारून पळत बोललो. दोनदा आपटलो. मैदान कुणीतरी उकरून ठेवलंय. त्याचा जोडीदार पळून गेलाय. पुढचा मुक्काम गंगाखेड, मग लातूर, मग पार सोलापूर. म्हणला, शनिवारी तासभर चालवून दाखव, संगट घेतो. झालं! दाजीच्या शिलाई दुकानात काजं-बटणं करायला मी जन्मलो नाही. पिशवी भरली.

६ फेब्रुवारी
अक्का म्हणली, आधी दोन पायांवर उभा ऱ्हा, मग दोन चाकांवर जा. तिला समजावलं की ज्याला पळता तोल येतो त्याला उभा तोल कशाला पाहिजे. उभं राहायला खांब असतात. मग म्हणली, साखरेच्या सुईची, इन्शुलिनची बाटली ओल्या माठाजवळ थंड ठेवावी लागते, फिरतीवर काय करशील? म्हणलं, माठ कॅरेजला बांधीन. कपाळावर हात मारून आत गेली. पटलं असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
दाजीच्या सायकलवर प्रॅक्टिस. चालवणं फस्क्लास. उतरताना पाय टेकला असं वाटलं, टेकलेला नव्हता. गटार. गटाराला काठ नकोत का? मावशी आज भिंतीशिवाय अंगणभर टाचेला अंगठा लावत चालली. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम नसतं. माझे व्यायाम उद्यापासून डबल.

९ फेब्रुवारी
काल तासभर चालवली. हात सोडून चालवली. लोक लय हसत होते, टाळ्या, शिट्ट्या. मला वाटलं पब्लिक खूश. अक्का गर्दीतून ओरडायली, नागनाथ, चप्पल! मी तिला सलाम केला. चप्पल कवाच गळाली होती. पेडलच्या पत्र्यानं तळवा फाडला होता आणि मला पत्ता नाही. मातीत रक्ताचा गोल उमटला तेव्हा शिट्ट्या बंद झाल्या.
मास्तर जवळ आला, सायकल सायकलला लावून चालवत. म्हणला, रक्त गळायलंय अन् तू हसायलास. झोप आलेला माणूस चालतो मला, भुकेला चालतो. लागलेलं कळत न्हाई तो न्हाई चालत. मराया घेऊन जाऊ का?
मी तिथंच त्याला सांगितलं की तुमची कंपनी माझ्या लायकीची नाही. हे बोलताना अक्का अन् दाजीनं मला दोन्हीकडून धरलेलं होतं, ही वेगळी गोष्ट.

१२ फेब्रुवारी
सायकलवाले गंगाखेडला गेले. मीच नाही म्हणलो होतो. तळव्याला सात टाके. जखम भरेस्तोवर पाय टेकायचा नाही. डॉक्टरनं नवे व्यायाम दिले, खुर्चीत बसून करायचे. बसून तोल! हसावं का रडावं. पिशवी अजून भरलेली हाय. पाय बरा झाला की मास्तरला गाठतोच.

१६ फेब्रुवारी, रविवार
मावशी झरीला निघाली, बहिणीकडं. एकटी. परभणीला एसटी बदलून. पाच वर्षांत एकटी अंगणाबाहेर गेली नव्हती. मोकळी पिशवी सापडंना, म्हणून अक्कानं माझी रिकामी करून तिला दिली. कपडे खुंटीला.
मी मोठ्या मनानं म्हणलो, मावशी, स्टँडपर्यंत येतो, पिशवी धरतो.
म्हणली, ऱ्हाऊ दे बाबा. मला सोडशील, पर तुला घरी आणायला मला माघारी यावं लागंल.