कड्या गेल्या, शब्द राहिला

काओशुंग
१४ मार्च २०१२

आदरणीय थोरले भावोजी,

नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही वानदानहून पाठवलेले लाल चवळीचे दाणे पोचले. गोड सूप केलं. सवयीने दोन वाट्यांचं झालं, एक वाटी उरली. इथे ऊन चढायला लागलंय. बंदरावरचा वारा येतो तेवढं बरं.

तुमचा निरोप मिळाला. उत्तराला उशीर केला, राग मानू नका. आधी दुसरंच काही सांगते.

लग्नाआधी मी निर्यात वसाहतीतल्या कारखान्यात होते हे तुम्हाला ठाऊक आहे. काय करत होते ते सासरी कुणी विचारलं नाही. संगणकाची स्मृती आम्ही मुली हातांनी ओवत होतो. मोहरीहून बारीक काळ्या कड्या भिंगाखाली धरायच्या आणि प्रत्येकीतून केसासारख्या तारा उभ्या-आडव्या न्यायच्या. त्या कडीला कोअर म्हणत. आई म्हणायची, "डासाच्या डोळ्यात दोरा ओवून पोट भरतं होय?" गल्लीतली आ-ग्योक माझ्याबरोबरच कामाला यायची. ती म्हणायची, "भरतं की मावशी, डासाचं."

पुढे चिप आल्या, कड्यांचं काम बंद पडलं. मला वाटलं, शब्दही गेला असेल.

गेल्या वर्षी नव्या वर्षाला शिन-रू सिंचूहून घरी आली होती. जेवता जेवता फोनवर कुणाला तरी म्हणाली, "आधी कोअर डंप बघ, मग मला शिव्या घाल."

मी विचारलं, "कोअर? त्या अजून वापरतात?"

"त्या कोण, आई?"

मी सांगितलं. ती हसतच सुटली. "म्हणजे हा शब्द तुझ्या हातातून आलाय? ऑफिसात कुणाला पत्ता नाही. अगं, प्रोग्राम मेला ना, की त्या घडीला त्याच्या स्मृतीत जे काही होतं ते सगळं एका फाइलीत पडतं. ते वाचून कळतं, का मेला ते."

"पण कड्या तर नाहीत."

"कड्या गेल्या, शब्द राहिला. आता तर चिपमधल्या गणित करणाऱ्या भागाला कोअर म्हणतात. एका चिपमध्ये चार-चार. आहेस कुठे तू?"

"इथेच. तुझा भात निवतोय."

ती गेल्यावर मी वाचनालयात जायला लागले. घरी बसवत नव्हतं. पुस्तकात सापडलं, तिचं बरोबर होतं. पूर्वी यंत्र अडलं की कड्यांमधलं सगळं कागदावर छापून काढत आणि माणसं ते गठ्ठे वाचत बसत. आणखी एक वाचलं, जे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. वीज गेली तरी कड्यांमध्ये होतं ते तसंच राहायचं. आताच्या स्मृतीत वीज गेली की सगळं पुसलं जातं.

भावोजी, ती ऑफिसात खुर्चीतच गेली. कंपनीची माणसं पांढरी फुलं घेऊन आली, हृदय बंद पडलं म्हणाली. आठवडाभर ती टेबलाखाली अंथरून झोपत होती, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तिच्या संगणकात तिचं स्वतःचं काही होतं का, विचारलं. म्हणाले, पुसून दुसऱ्याला दिला.

आता तुमच्या निरोपाचं. तुम्ही म्हणालात, "सिऊ-कीम, हट्ट सोड. बिनलग्नाची मुलगी गेली की तिच्या नावाची पाटी बापाच्या देवघरात पूर्वजांशेजारी राहत नाही. चाओजोचा तो विधुर तिच्या पाटीशी लग्न लावायला तयार आहे. पोरीला घर मिळेल, उदबत्ती मिळेल." तुम्ही तिच्या भल्यासाठीच बोललात. स्वतः जाऊन त्याचं देवघरही बघून आलात. पण ती त्या माणसाला ओळखत नव्हती. जिवंतपणी मी तिला परक्या घरी मुक्कामाला पाठवलं नाही.

महिनाअखेर तिला जाऊन वर्ष होईल. तिच्या बापाला जाऊन वर्ष झालं तेव्हा त्याच्या धूपदानातली राख तुम्ही घरच्या धूपदानात मिसळलीत आणि तो पूर्वजांत गेला. शिन-रूसाठी तुम्ही तसं करणार नाही, आणि मी मागत नाही. पण भाऊ वेगळा निघाला की थोरल्या घरच्या धूपदानातून चिमूटभर राख नेतो, ही रीत तुमचीच. तुमचा भाऊ कधी वेगळा निघाला नाही. त्याच्या वाटणीची जमीन मला नको. तेवढी चिमूट द्या. इथल्या धूपदानात बाप-लेक एकत्र राहतील.

"तुझ्यामागे तिला उदबत्ती कोण लावणार?" असं तुम्ही विचारलंत. कुणी नाही. मी आहे तोवर मी लावीन.

शनिवारी सकाळच्या बसने येते. दार उघडणं तुम्हाला जमणार नसेल, तर राख पुडीत बांधून अंगणातल्या दगडी जात्यावर ठेवा. मी हाक मारणार नाही. जात्यावर काही नसलं तर जाऊबाईंच्या गुडघ्याचं मलम तिथे ठेवीन आणि परतीची बस धरीन.

तुमच्या धाकट्या भावाची बायको, शिन-रूची आई,
सिऊ-कीम