स्टीव्हियाचा वंशविस्तार

६ सप्टेंबर
स्टीव्हियाला कळ्या आल्या. पानं तोडणं आजपासून बंद. आधी फुलं, मग बी, मग शंभर रोपं. बाबांच्या चहात साखरेऐवजी दोन पानं पडतात, ती जन्मभर पुरतील. बायको म्हणाली, पंचवीस ऑक्टोबरला बाबांची शुगर तपासायची आहे, वाढली तर इन्सुलिन, आणि ते सुईला किती घाबरतात माहीत आहे ना. म्हटलं, दीड महिना कळ काढा. दूरदृष्टी या घरात एकट्या माझ्याकडे आहे.

१० सप्टेंबर, सकाळी ७.१०
परागीभवन सुरू. मुलीचा रंगाचा ब्रश वापरला. कुंड्या सहा. चारचे पराग पाचला, पाचचे दोनला. कुणाचं स्थळ कुणाला, सगळं वहीत टिपलं. पाठ धरली. बाबा बघत होते. फिका चहा निमूट प्यायले.

१५ सप्टेंबर
बायकोने तीन नंबरचे शेंडे कळ्यांसकट खुडले! म्हणे, नर्सरीवाल्या बाई सांगतात, फुलं आली की पानांची गोडी जाते. अबोला धरला. जेवायच्या वेळेपर्यंत.

२ ऑक्टोबर
बी धरलं. शेजाऱ्यांना दहा रोपं कबूल केली. डॉक्टरांनाही पाच देईन. बाबा हल्ली चहा आवडीने पितात. सवयीचा प्रश्न असतो, मी म्हटलंच होतं.

१२ ऑक्टोबर
नर्सरीवाल्या बाईंनी बी चिमटीत चोळलं. सगळं फोल. भरलेलं बी काळं असतं म्हणे. रोपं कुठून आणली, असं विचारलं. अभिमानाने सांगितलं, एकाच रोपाच्या फांद्या लावून मीच केली. त्या म्हणाल्या, मग काका, सहा कुंड्यांत झाड एकच आहे. याला परक्या झाडाचेच पराग लागतात. बाई अनुभवी असतील, पण वाचन कमी. बी पेरलं. (काका?)

२५ ऑक्टोबर
शुगर २८०. डॉक्टरांनी विचारलं, चहात काय घालता. बाबा खाली मान घालून म्हणाले, साखर, तीन चमचे, महिनाभर, चोरून. फिका चहा घशाखाली उतरेना, आणि पानं मागितली असती तर पोराचा हिरमोड झाला असता.
पोर बावन्न वर्षांचं आहे. लाज वाटली. उद्यापासून इन्सुलिन.

२६ ऑक्टोबर, सकाळी ८
उगवलेली रोपं शून्य. बाबांना पहिली सुई दिली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. नंतर सहाही कुंड्यांतली उरलीसुरली पानं खुडून त्यांच्या चहात घातली. बाबा म्हणाले, झकास गोड झालाय, आणि कप रिकामा केला. पातेल्यात घोटभर उरला होता, तो मी चाखला. कडूजहर.