केटी लागली

१० मे, शनि.

सकाळी दहाची वेळ दिली होती. पोयसरच्या वस्तीतली मुलं कधीची कॉलेजच्या जिन्यावर येऊन बसलेली. शिक्षण सोडू नका म्हणून त्यांना समजावणारे, अडलेला विषय शिकवणारे आमचे 'सोबती', म्हणजे कॉलेजचीच एसवाय-टीवायची मुलं, अकराच्या पुढे एकेक उगवले. हातात कोल्ड कॉफी. मी काही बोललो नाही. या मुलांसमोर त्यांचा पाणउतारा नको, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे वाद टाळायचा होता. असो.

मग 'स्वप्नफलक'. मासिकातली चित्रं कापून पुठ्ठ्यावर डकवायची, की झालं भविष्य. कल्पना माझी नाही, पण परवानगी माझीच. दीक्षाने (बारावी कॉमर्स, निकाल नुकताच लागलाय, बीकेत म्हणजे बुककीपिंगमध्ये नापास) चित्रांना हातच लावला नाही. पिशवीतून इमिटेशनचे खडे काढले आणि त्यांचं कॉलेज केलं, खिडक्यांसकट. सगळ्यांनी फोटो काढले, रील केलं. ते पांगल्यावर पाहतो तर ही नखाने एकेक खडा उचकटतेय.

"शेठचा माल आहे, सर. उद्या लावायचाय."

घरी मायलेकी दोघी दागिन्यांना खडे चिकटवतात. आईची अट आधीपासून ठरलेली: पास झाली तर कॉलेज, नापास झाली तर मालाडच्या कारखान्यात पूर्णवेळ. घरी निकाल सांगितलास का, विचारलं. म्हणाली, सांगितलाय. आई काय म्हणाली, यावर 'काही नाही'. काही नाही कसं?

१४ मे

स्टाफरूममध्ये छायाताई, दीक्षाची आई. नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, तुमच्या लोकांमुळे झालं. दीक्षाला केटी लागली."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. नोकरी लागते, लॉटरी लागते, कॉलेजात नंबर लागतो. तशी लेकीला केटी लागली. गल्लीत पेढे वाटून झाले होते. आमचा पुडा शेवटचा.

मी पेढा घेतला. खाल्ला. कॉलेज कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जून-जुलैत चित्र स्पष्ट होईल. यातला एक शब्दही खोटा नाही, आणि तेच जास्त वाईट आहे.

घरी बायकोला, वसुधाला सांगितलं. ती हसत सुटली, मग थांबली. "खाल्लास ना? आता तू पण त्यात आलास."

१५ मे

दीक्षाला बोलावून घेतलं. हे काय सांगितलंस घरी? ती अजिबात गडबडली नाही.

"मी खोटं नाही बोलले, सर. मी रडत होते तर सिद्धीताई म्हणाली, आमच्यात नापास कोणी होत नाही गं, केटी लागते. तिला स्वतःला दोन लागल्यात. मी घरी तेच सांगितलं. आईला काय वाटलं ते आईचं."

बारावीला केटी नसते, पुरवणी परीक्षा असते, असं समजावून सांगितलं. केटी म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा विषय राहतो आणि आमची पोरगी नापास होते."

माझं स्पष्टीकरण अचूक होतं. उपयोग शून्य.

आता दुसरा घोळ. सिद्धीला दोन केटी. त्यातली एक अकाउंट्सची. आणि ती दीक्षाची सोबती, शिकवते काय, तर बीके. सोबती सर्व विषयांत उत्तीर्ण असलाच पाहिजे हा नियम कुणाचा? माझा. प्रिं. तेव्हा म्हणालेही होते, जरा सैल ठेवा, मुलं मिळत नाहीत. मी तत्त्वाचा प्रश्न केला होता.

१६ मे

सिद्धी. आधीच का सांगितलं नाहीस, विचारलं.

"तुम्ही हजेरी विचारता, सर. केटी कधी विचारली?"

बाई एसवायला आहे. आवाज मात्र प्राध्यापक संघटनेच्या अध्यक्षाचा. पुढे म्हणाली, नियम आहे तर काढा मला, मी रडणार नाही. पण तिला शिकवताना पहिल्यांदा मलाच भागीदारीची खाती थोडीफार कळायला लागलीत, तेवढं तुमच्या अहवालात लिहा.

काढलं. दीक्षाला मिहिर दिला. अकाउंट्सला वर्गात पहिला, वेळेवर येणारा, नम्र. माझ्या मनासारखा. हे लिहितानाच मला त्याचा थोडा राग का येतोय, कळत नाही.

२४ मे

मिहिरचा दीक्षासोबत पहिला तास. स्लाइड्स सुंदर. दीक्षाने दोन जांभया दिल्या आणि माल पोचवायचाय सांगून उठली. मिहिर मला विचारतो, "सर, माझं काही चुकलं का?" नाही. काहीच चुकलं नाही.

३१ मे

दीक्षा गैरहजर. फोन बंद. अर्थात.

सुट्टीत दुसरी कामं नाहीत का मला? अर्थशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाच्या टिपणांना अजून हात लागलेला नाही. पुरवणी परीक्षा जूनच्या शेवटी, आणि मी मुलीला शिकवणारी काढून टाकलीय. नियमाने.

४ जून

छत्री दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. झेरॉक्सच्या बंद दुकानाच्या पायरीवर दोघी. मधे पुस्तक, त्यावर वडापावचा कागद. मी खांबाआड थांबलो. चोरून ऐकलं म्हणायला हरकत नाही.

दीक्षा विचारत होती, गुडविल दिसत नाही, हातात येत नाही, तर ते ताळेबंदात कशाला लिहायचं? सिद्धी म्हणाली, तुझ्या शेठचं नाव घेतलं की दुकानदार डोळे मिटून माल घेतो ना, ते गुडविल.

"आमचा शेठ? त्याला कोपऱ्यावरचा चहावाला पण उधार देत नाही."

"मग त्याचं गुडविल शून्य. लिही."

दोघी इतक्या हसल्या की कागद उडाला. तो माझ्या पायाशी आला, आणि मी सापडलो.

सिद्धी उठून उभी राहिली. "सर, मी आता सोबती नाहीये. मी फक्त मैत्रीण आहे. मैत्रिणीला नियम लागू आहे का?"

मी उचललेला कागद तिच्या हातात दिला. उद्यापासून आमच्या विभागाच्या खोलीत बसा म्हटलं, इथे धूळ आहे.

५ जून

प्रिं.ना सांगितलं की नियम मीच मोडतोय. म्हणाले, मी तेव्हाच म्हटलं होतं. पुढचा अर्धा तास 'तेव्हाच म्हटलं होतं'ची आणखी उदाहरणं. मिहिरलाही सांगितलं. त्याने मान डोलावली. त्याला वाईट वाटलं, ते मला दिसलं.

केटीचं छायाताईंना अजून सांगितलेलं नाही. दीक्षा म्हणते, पेपर होऊ दे, मग मी सांगते. सिद्धीचंही तेच. दोघी हट्टी आहेत, पण पेढा त्यांनी खाल्ला नव्हता.

१७ जून

छायाताई कॉलेजात आल्या. आज घरातलीच साडी, बोटांना वाळलेला गोंद. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

काल सिद्धी त्यांच्या घरी होती. फोनवर कुणाला तरी सांगत होती, यंदा माझी एक तरी केटी सुटू दे. ते यांनी ऐकलं.

"सर, लागलेली चांगली गोष्ट कोण सोडवतं?"

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"पास का नापास? एवढंच सांगा."

"एका विषयात नापास. पण परत परीक्षा आहे, आणि तिची तयारी…"

"मग पेढा कशाला खाल्लात?"

आवाज चढवला नाही त्यांनी. मला वाटतं मी 'माफ करा' म्हटलं, पण तोवर त्या जिन्यापाशी पोचल्या होत्या. म्हटलं की नाही, आता खात्री नाही. गल्लीत ज्यांना ज्यांना पुडे दिले, त्यांच्या दारावरूनच रोज जायचंय त्यांना. हे मला चौदा मेला सुचायला हवं होतं.

१८ जून

दीक्षा आली नाही. सिद्धी एकटीच आली. दार लोटलं ते आपटूनच.

"खरं बोलायला पेपरच्या आधीचा आठवडाच सापडला तुम्हाला?"

मी म्हटलं, विचारल्यावर काय खोटं सांगायचं होतं?

"नाही ना. पेढ्याच्या दिवशी खरं सांगायचं होतं."

पण तू तर पेपर होईपर्यंत थांबा म्हणत होतीस, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. तिचं दुटप्पी आहे आणि बरोबरही आहे. 'केटी' हा शब्द दीक्षाला तिनेच दिला हे तिला माहीत आहे. म्हणून तर आरडाओरडा.

२१ जून

सिद्धी पोयसरला जाऊन आली. दीक्षा कारखान्यात जायला लागलीय. छायाताईंनी सिद्धीला दारातच उभं ठेवलं, पाणी दिलं, आत घेतलं नाही. सिद्धीने त्यांना सांगितलं म्हणे, मावशी, मी पण नापासच आहे, दोन विषयांत, मला नुसतं तसं म्हणायची लाज वाटते. त्यावर छायाताई काय म्हणाल्या?

"काही नाही बोलल्या, सर. ग्लास परत घेतला."

आम्ही कोण आहोत या घरात ढवळाढवळ करणारे? दर शनिवारी बोलावतो, स्वप्नं चिकटवतो, फोटो काढतो. निस्तरायचं त्यांनी. वसुधा म्हणते, हे तू दर जूनमध्ये म्हणतोस आणि जुलैत नवा फलक लावतोस.

२८ जून, शनि.

बीकेचा पेपर. मला तिथे काही काम नव्हतं, तरी केंद्राच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. सिद्धी आधीच तिथे, आज वेळेच्या आधी. दीक्षा आत गेलीय की नाही, दोघांनाही माहीत नव्हतं.

पेपर सुटला. दीक्षा जवळजवळ शेवटी बाहेर आली. बोटांना गोंद.

आई काय म्हणाली, मी विचारलं. तर कारखान्यातून सुट्टी छायाताईंनीच मागून घेतली, हिच्या जागेवर आज त्या स्वतः बसल्यात. पेपर दे म्हणाल्या. उद्यापासून पुन्हा कारखाना, निकालापर्यंत. पुढचं निकाल बघून.

"आणि तुम्हाला निरोप दिलाय, सर."

"काय?"

"या वेळी पेढा आधी नाही."

हसावं की काय, मला कळेना. दीक्षाही हसत नव्हती.

सिद्धीला धीर नव्हता. गुडविल आलं होतं का? आलं होतं, मोठा प्रश्न होता. किती काढलंस? दीक्षाने आकडा सांगितला. सिद्धीने प्रश्नपत्रिका हातात घेतली, ओठांतल्या ओठांत हिशेब केला, मधेच अडली, परत पहिल्यापासून धरला. मी अर्थशास्त्राचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"बरोबर असेल," सिद्धी म्हणाली.

दीक्षाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मिहिरला फोन लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. नंबर माझ्याकडे होता. तिघांच्याही ते मनात आलं असणार. कुणी नाव काढलं नाही.