टोकन क्रमांक सातवरील नाव बदलण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
हृदय तपासणी शिबिर, मौजे उंद्री,
ता. चिखली, जि. बुलढाणा

अर्जदार : शेषराव जानराव इंगळे, वय ५४, धंदा कोतवालकी, रा. उंद्री

विषय : टोकन क्र. ७ वरून अर्जदाराचे नाव कमी करून तेथे त्याची पत्नी आशाबाई हिचे नाव घेणे व तिला रांगेत न थांबवता आत घेणेबाबत.

संदर्भ : १) शिबिराची दवंडी, दि. २ ते ७ जानेवारी. २) आज सकाळी टेबलावरील कर्मचाऱ्यांची तोंडी सूचना, की ‘टोकनवरचं नाव असं बदलता येत नाही, अर्ज द्या.’

महोदय,

सूचनेप्रमाणे अर्ज देत आहे. कोतवालकीच्या अठ्ठावीस वर्षांत अर्जदाराने अपुऱ्या माहितीचे अर्ज परत आलेले पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हकीकत पूर्ण लिहिली आहे. अक्षर वाकडे आले आहे कारण अर्ज दाराशी उभ्याने, घाईत लिहिला आहे. ही घाई अर्जदाराच्या स्वतःच्या हृदयासाठी नाही, याची नोंद घ्यावी.

१. या शिबिराची दवंडी देण्याचे काम अर्जदाराकडे होते. आशा सेविका निशिगंधाताई यांनी हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांचा कागद दिला. त्यात सात ओळी होत्या. छातीवर दाब येणे, डाव्या हातात कळ जाणे, थोडे चालून दम लागणे, थंडीतही घाम फुटणे वगैरे. अर्जदाराने भोंगा खांद्याला लावून त्या सहा दिवस गावाच्या चारी टोकांना वाचल्या. गावाने ऐकल्या की नाही ठाऊक नाही, पण वाचणाऱ्याने मात्र ऐकल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा डावा हात दुखू लागला, चौथ्या दिवशी छातीत धडधड झाली आणि पाचव्या दिवशी त्याने निशिगंधाताईंच्या हातापाया पडून स्वतःच्या नावाचे टोकन घेतले. भोंगा आणि त्याची बॅटरी डाव्याच खांद्याला असते, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले नाही.

२. हात दुखू लागल्यापासून अर्जदाराने घर डोक्यावर घेतले होते. आशाबाई रोज संध्याकाळी तेल कोमट करून त्याचा हात चोळून द्यायची. चोळता चोळता ती मध्येच थांबायची. अर्जदारास वाटे, कंटाळली. एकदा तो तसे बोललाही. ती म्हणाली, “कंटाळली नाही हो, जराक दम घेऊन राह्यली.” हे वाक्य अर्जदाराने त्या दिवशी ऐकले आणि सोडून दिले.

३. कागदाची सातवी ओळ अर्जदाराने वाचली नाही. ही चूक सर्वस्वी त्याची आहे, निशिगंधाताईंचा यात काडीचा दोष नाही. ओळ बायकांविषयी होती. पहिल्या दिवशी पारावर तो ती वाचू लागला, तोच रंगराव आजोबा म्हणाले, “बायकाईची दुखणी चौकात काऊन ओरडतं बे?” पारावरची माणसे हसली. अर्जदारासही ते बरोबर वाटले. आमच्याकडे बायकांचे दुखणे बायकांतच बोलतात, भोंग्यावर नाही. चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून त्याने कागदाला खालून घडी घातली आणि सहा दिवस सहाच ओळी सांगितल्या.

४. आज सकाळी आठ वाजता आशाबाईस घेऊन अर्जदार येथे आला. फॉर्मवर तिचे नाव ‘रुग्णासोबतची व्यक्ती’ या रकान्यात आहे. तपासणीत काय सांगायचे याची उजळणी करावी म्हणून त्याने खिशातला कागद काढला. घडी उलगडली. ओळ अशी आहे : ‘स्त्रियांमध्ये छातीत फारसे न दुखताही अतिशय थकवा, मळमळ, दम, पाठीत किंवा जबड्यात कळ ही लक्षणे असू शकतात.’

५. दिवाळीपासून आशाबाईचा जबडा दुखतो. दाढच असेल म्हणून तिने हट्टाने दाढ काढून घेतली, कळ राहिलीच. गिरणीवर दळणाचा डबा ती एका दमात न्यायची, आता वाटेत दोनदा खाली ठेवते. महिनाभर तिला जेवण नकोसे झाले आहे. अर्जदार हे सगळे पाहत होता. त्याने ओळ वाचून वर पाहिले तेव्हा ती पदराने कपाळ पुसत होती. पौषातली सकाळ आहे, रांगेतली बाकीची माणसे कानटोप्या घालून बसली आहेत आणि तिचा पदर ओला आहे. अर्जदाराने तिला विचारले. ती म्हणाली, “मले काय झालं? तुमचा नंबर येऊन राह्यला, तुम्ही जा आधी.”

महोदय, अर्जदार फार घाबरला आहे. आजवर त्याला स्वतःच्या मरणाची भीती वाटत होती, ती या भीतीपुढे काहीच नव्हती असे आता कळते.

६. टोकने चाळीसच होती, ती संपली. तपासणीचे मशीन उद्या मेहकरच्या शिबिराला जाणार. सबब अर्जदाराचा नंबर तिला द्यावा आणि फॉर्मवर दोघांच्या रकान्यांची अदलाबदल करावी. ‘सोबतची व्यक्ती’ म्हणून तो जन्मभर सही करण्यास तयार आहे. तिला मोठ्या दवाखान्यात न्यावे लागेल असे दिसल्यास गाडी आत्ताच बोलवावी. या अर्जाला आवक क्रमांक पडण्याची वाट पाहू नये.

७. गाळलेली ओळ पुन्हा चारी टोकांना सांगण्याची परवानगी असावी. रंगराव आजोबांच्या घरासमोर दोनदा.

हे लिहीत असताना आशाबाईने पाण्याची बाटली खाली ठेवली आहे. आतापर्यंत ती अर्जदारासाठी धरून बसली होती. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, ती अर्जदाराने वाचली आहे व इतका वेळ पाळलीही आहे. साहेबांनी अर्ज येथेच सोडून बाहेर यावे. न आल्यास अर्जदार सातव्या ओळीची दवंडी याच दारापासून सुरू करील. त्याचा आवाज भोंग्याविनाही गावाच्या चारी टोकांना जातो.

आपल्या दाराशी उभा, नम्र
शेषराव जानराव इंगळे
उंद्री, दि. ९ जानेवारी २०२५, सकाळी ९.२०

सोबत :
१) टोकन क्र. ७
२) लक्षणांचा कागद, घडी उलगडून
३) आशाबाई, बाहेर नळाजवळच्या ओट्यावर, भिंतीला टेकून