सोमवारी नारळ द्यायचा

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा नमस्कार.

आई नारळ खवायला बसली की आपण दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, ते आठवतं का? पहिली चिमूट कोणाची यावरून तू मला चिमटा काढायचीस. (डाग दोन दिवस राहायचा. आता या वयात तक्रार तरी कोणाकडे करायची?) तुझे ते गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहोत, आणि बातमी अशी की तुझ्या नातीने, म्हणजे आमच्या ढमीने, नारळ खाल्ला. तू म्हणशील, त्यात काय एवढं. तेच सांगायला कागद पुढे ओढलाय.

ढमीला आठ महिने झाले. माझ्या लेकीची रजा संपत आली होती, ती सोमवारी ऑफिसात रुजू व्हायची होती, आणि आमची सगळी भिस्त होती ती ढमीला सांभाळणाऱ्या बाईंवर. मी त्यांना घड्याळबाई म्हणते. आठच्या ठोक्याला येतात, मनगटावरचं घड्याळ काढून ताटलीत ठेवतात, हात धुतात आणि मगच बाळाला उचलतात. ढमी जन्मल्यापासून हे असंच. ती त्यांच्याच हातून खाते. मी चमचा पुढे केला तर माझ्याकडे असं बघते, जणू मी काही विकायला आलेय.

त्या आठवड्यात मी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी नारळाला परवानगी दिली, पण अटी घालून. तुकडा कधीच द्यायचा नाही, घशात अडकतो. ताजं खोबरं अगदी गंधासारखं वाटायचं, कुस्करलेल्या केळ्यात अर्धाच चमचा घालायचं, साखर-मीठ काही नाही. सकाळी द्यायचं, म्हणजे बाळ दिवसभर डोळ्यांसमोर राहतं. पुढचे तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. पुरळ उठलं किंवा उलटी झाली तर बंद करून फोन. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनही नको, थेट दवाखाना. (आणि नारळाचं दूध हे नावालाच दूध, आईच्या दुधाऐवजी ते चालत नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. माझा चेहरा तसाच असावा.)

आता तुला माहीतच आहे, आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर एका जास्तीच्या शब्दाला अर्धा गुण कापायच्या. ती सवय हाडात भिनलेली. शुक्रवारी मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली: ‘सोमवारी नारळ द्यायचा. तीन दिवस नीट लक्ष ठेवायचं. काही वावगं दिसलं तर लगेच बंद.’

कोणाला द्यायचा, हे लिहिलं नाही. तो शब्द मला जास्तीचा वाटला.

घड्याळबाईंनी ती वाचली. शनिवारी त्यांचे डोळे लाल. मला वाटलं सर्दी, मी वाफ घ्यायला लावली. (त्यांनी घेतलीही, बिचाऱ्यांनी.) मग त्यांनी हळूच विचारलं, “आजी, सोमवारचं नक्की का?”

मी म्हटलं, “नक्की. आठ महिने झाले, आता किती थांबायचं?”

“काही चुकलं का?”

“चुकायचंय काय त्यात? सगळीकडे देतात. लेकीसमोरच देऊ, ऑफिसला निघायच्या आत.”

ताई, माझी जीभ मीच कापून ठेवायला हवी होती.

सोमवारी त्या आल्या. ताटलीत घड्याळ ठेवलं नाही. मी उत्साहाने सोललेला नारळ थेट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “घ्या, तुमच्याच हातून सुरुवात होऊ दे.” त्यांनी मान खाली घातली, घराची किल्ली टेबलावर ठेवली, तिच्याखाली दोन कागद ठेवले, ढमीच्या पायाला हात लावला, “येते” म्हणाल्या आणि नारळ घेऊन जिना उतरल्या.

मी कागद उचलले. पुढे येणाऱ्या बाईसाठी सूचना होत्या. ‘झोपताना स्वतःचा उजवा कान धरते, सोडवू नये. खोटं रडताना एक डोळा उघडा असतो. नवीन चव पहिल्यांदा थुंकते, रागावू नये, मग आपणहून तोंड उघडते. आजींचं अक्षर फार सुंदर आहे. त्यांना मात्र जेवायची आठवण करावी लागते.’

ताई, ज्या बाईला मी काढलं असं तिला वाटत होतं, तिने माझ्या जेवणाची सोय लावली होती.

मी ढमीला काखोटीला मारलं आणि एका पायात माझी, एका पायात जावयाची चप्पल घालून खाली धावले. त्यांना फाटकापाशी गाठलं. दम लागला होता, एवढंच म्हणू शकले, “अहो, तो नारळ हिचा आहे.” त्यांनी नारळाकडे पाहिलं, ढमीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. आणि हसू लागल्या ते जिना चढेपर्यंत थांबेनात.

खवणी नव्हती. घड्याळबाईंनी सुरीने खोबरं खरवडलं, दोनदा वाटलं, केळ्यात कालवलं. ढमीने पहिला घास लिहिल्याप्रमाणे थुंकला, मग लिहिल्याप्रमाणे तोंड उघडलं. तीन दिवस झाले, एक पुरळ नाही. लेक ऑफिसला जाते. मी छाती फुगवून फिरते आहे, नातीमुळे की घड्याळबाईंमुळे, ते ठरत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबतच्या पुड्यातला फोटो तुझा. (ओठाला लागलंय ते खोबरंच.) मफलर भावजींना. दोन कागदांची नक्कल तुझ्या सुनेला, तिचे दिवस भरत आलेत. अस्सल मी देणार नाही.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठी: आईची खवणी तुझ्याकडे माळ्यावर पडून आहे. ती पाठव. त्या सगळ्या चिमट्यांची भरपाई समज.

ता. क. ३. रागावू नकोस, पण ती मला नकोय. घड्याळबाईंना द्यायची आहे. या वेळी चिठ्ठीत शब्द वाचवणार नाही: ‘घड्याळबाईंना, कायमची, खवणी. नारळ ढमीला.’