वजा अडतीस

मंगळवार, १४ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. चौसष्टावी झाली आणि हे पत्र लिहायला बसलो.

ती. मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (या खेपेस खरोखर जमिनीवर आडवा होऊन, कारण वायर टेबलाखाली गेली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? तुमच्या गळ्याची चौकशी करायला मला तोंड नाही, तरी करतो.

गेल्या गुरुवारी, नाटकवाल्या बाई आणि मामी समोर बसलेल्या असताना, मी म्हणालो, "मामा, तुम्ही ठेक्याच्या मागे पडताय." अकरा वर्षांनी गायला उभ्या राहिलेल्या माणसाला! तुम्ही चष्मा पुसलात, "बरं" म्हणालात आणि चपला घालून गेलात. ते "बरं" अजून मला टोचते आहे. काल मामींचा फोन आला, "अरे दीडशहाण्या, त्यांनी न्हाणीघरात गुणगुणणंसुद्धा सोडलंय. घराचा दवाखाना झालाय नुसता!"

तर झाले असे. ठेका मी कीबोर्डवर वाजवला, तो मिडीत जातो. मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणती पट्टी कधी दाबली याची नुसती नोंद. ती वाचून संगणक स्वतःच ड्रम बडवतो. तुमचा आवाज मात्र खराखुरा. तो माइकमधून, वायरीतून वळसे घेत संगणकात अडतीस मिलिसेकंद उशिरा पोचतो (यातली 'मि' आणि 'लि' दोन्ही ऱ्हस्व, तपासले आहे). पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण गाण्यात तेवढ्यानेही पायरी हुकल्यासारखे होते.

यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आहे. त्यात आकडा भरला की उशीर सावरला जातो. मी अडतीस भरले आणि तुम्हाला गायला लावले. तुम्ही भलतेच मागे! मला वाटले, वय झाले (माफ करा, पण वाटले ते लिहितो). तुम्ही गेल्यावर मी वायर बदलली, माइक बदलला, पंखा बंद केला, शेजारच्या शिंपीणबाईंना मशीन थांबवायला सांगितले. त्या म्हणाल्या, "माझं मशीन तुझ्या मामाला मागं ओढतंय होय रे?"

शेवटी आज मी स्वतः ठेक्यावर टाळ्या वाजवून रेकॉर्ड केल्या. माझीही प्रत्येक टाळी मागे, आणि दर वेळी शहात्तरच्या आसपास. माणूस चुकला तर कधी कमी, कधी जास्त चुकेल. इतक्या शिस्तीत कोण चुकतो? आणि शहात्तर म्हणजे अडतीस दुणे. तेव्हा कुठे चौकोनाखालची बारीक ओळ वाचली : आवाज अलीकडे आणायचा असल्यास वजा चिन्ह लिहावे. माझ्या बिनवजाच्या अडतीसने उशीर सावरण्याऐवजी दुप्पट केला होता. मामा, वर्गात ऋण संख्या शिकवल्या त्या आठवड्यात मला गोवर आला होता, आणि पुढे शाळाच सुटली. शून्याच्या अलीकडेही काही असते, हे मला बाविसाव्या वर्षी कळते आहे.

तुमचे गाणे शहात्तरने अलीकडे ओढले. बरणीला झाकण बसावे तसे बसले. चूक एका आडव्या रेघेची होती, आणि ती रेघ मी मारलेली नव्हती. पदरात घ्या. बाईंना नाटकासाठी शनिवारी चारपर्यंत गाणे हवे आहे, नाहीतर त्या दुसरा गायक बघणार.

तुमचा भाचा

ता. क. : झाकण बसले ते पहिल्या दोन कडव्यांचे. तिसऱ्यात तुम्ही ठेक्याच्या पुढे पळता. तीनदा मोजले. यात वजाचा काही संबंध नाही.

ता. क. २ : म्हणून परवा सकाळी दहाला तिसऱ्या कडव्यापुरते याल का? बाईंना बोलावलेले नाही.

ता. क. ३ : आत्ताच मामींना फोन केला. त्या म्हणतात, "तिसऱ्यात ते लग्नाआधीपासून पळतात. ड्रमवाला बिचारा मुकाट मागून धावायचा." असे असेल तर तुम्ही खुशाल पळा, मामा. ठेका मी मागून पळवतो. फक्त या.