मास्टर्स गटातला एकमेव

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ.
आजपासून तयारी सुरू. सीझनची पहिली डाउनहिल रेस १२ ऑक्टोबरला, पेठ रस्त्यावरच्या त्याच डोंगरावर. गेल्या वर्षी तिथेच माझं कॉलरबोन मोडलं. चूक माझी नव्हती. फोटोग्राफर मध्ये आला. माझी बायको सुवर्णा म्हणते तो झुडपाच्या मागे होता. पण माझं लक्ष गेलं म्हणजे तो मध्येच आला.
चहा बंद. तळलेलं बंद. रोज पहाटे व्यायाम.
सायकल गॅलरीत आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घातलेत. सुवर्णाला काढायला सांगितले. म्हणाली, ओले आहेत, उद्या काढते. ओल्या टॉवेलांखालून सायकल ओढणं बरं नाही. तयारी उद्यापासून.

१० सप्टेंबर, बुधवार.
ऑनलाइन नाव नोंदवलं. वय चव्वेचाळीस, म्हणून मास्टर्स गट, चाळिशीच्या पुढचा. राजला फोन केला. रेस तोच भरवतो, कॉलेज नुकतंच संपलेला पोरगा, मला काका म्हणतो. विचारलं, आमच्या गटात कोण कोण आहे. म्हणाला, "अजून तरी तुम्हीच आहात, काका."
म्हणजे खाली पोचलो की पहिला नंबर. खऱ्या रायडरला स्पर्धा लागते, त्यामुळे जरा वाईट वाटलं. फार नाही.
एकलहऱ्याच्या वीज प्लांटच्या कँटीनमध्ये जाहीर केलं. करणं भाग होतं. अपघातानंतर साहेबांनी मला कोळशाच्या कन्व्हेयरवरून काढून कंट्रोल रूममध्ये बसवलंय. वर चढायचं नाही, नुसतं स्क्रीनकडे बघायचं. मी घरी त्याला प्रमोशन म्हणतो. पण येणारा-जाणारा म्हणतो, पगारे, जपून. मी खुर्चीवरून उठलो तरी म्हणतात. हे थांबायला हवं.
कोंडाजी माझ्याच शिफ्टला असतो. त्याने विचारलं, "खालीच यायचं असेल तर त्यात जिंकायचं काय?" त्याला समजावलं की डोंगराच्या माथ्यावरून सायकलने सुटायचं, वाटेत दगड, वळणं, कडे, आणि जो सगळ्यांत कमी वेळात खाली तो जिंकला. तो म्हणाला, "मग तुम्ही मागच्या वेळी बऱ्यापैकी लवकर आला होता." कँटीन हसलं. मी पण हसलो. खांदा जरा दुखला.

१४ सप्टेंबर, रविवार.
चामर लेणीच्या डोंगरावर पहिली प्रॅक्टिस. सायकल ढकलत वर नेली. दम चांगला टिकला, म्हणजे मध्ये मध्ये टिकला. वर गेल्यावर खाली पाहिलं. टायरमध्ये हवा जास्त वाटली. मग कमी वाटली. अशा वेळी धोका पत्करणं हा अडाणीपणा आहे.
मोठे रायडर रेसच्या आधी ट्रॅक पायी बघतात. त्याला ट्रॅक वॉक म्हणतात. आज मी ट्रॅक वॉक केला. सायकल सोबत होती एवढंच.
घरी आल्यावर चैतालीने विचारलं, "पप्पा, किती वेळा खाली आलात?" एकदा म्हणालो. खोटं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
अडचण. कोंडाजीने टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलाय. सगळी शिफ्ट रेस बघायला येणार, बायकापोरांसकट. मी म्हणालो, कशाला उगाच, लांब आहे, रस्ता खराब आहे. म्हणाला, "भाऊ, तुम्ही हाड मोडून परत उभे राहताय, आणि आम्ही घरी बसायचं?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं. कोळशाची धूळ असेल.

२१ सप्टेंबर, रविवार.
धो धो पाऊस. प्रॅक्टिस रद्द. निसर्गापुढे कोणाचं चालत नाही. कांदाभजी केली. एक दिवस चालतं.
दुपारी राजला फोन केला. काळजीपोटी. म्हणालो, ट्रॅक वाहून गेला असेल तर पोरांच्या जिवाशी खेळू नका, पुढे ढकला, मी समजून घेईन. तो म्हणाला, "उलट माती मस्त बसलीय काका. ग्रिप कसली येणारे बघा."
आणखी दोन भजी खाल्ली.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
फिटनेस सर्टिफिकेट लागतं. कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. त्यांनी माझा हात वर केला, मागे नेला, गोल फिरवला. म्हणाले, सुंदर जुळलंय. मी म्हणालो, कुठेतरी दुखतं. कुठे, म्हणाले. मी बोट फिरवत राहिलो. जागा काही सापडेना.
सर्टिफिकेट दिलं. पाठीवर थाप मारून म्हणाले, आम्हाला अभिमान आहे. तीही दुखऱ्या बाजूला मारली, तरी दुखलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार.
रेसच्या रविवारी माझी ड्यूटी आहे हे आज लक्षात आलं. लक्षात होतंच, पण आज नीट लक्षात आलं. नोकरी आधी. साहेबांना जाऊन सांगितलं की माझ्यामुळे शिफ्टची ओढाताण नको, मी रेस सोडतो.
साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "पगारे, तुमच्या जागी मी माणूस बसवतो. आणि मी पण येतोय, मिसेसना घेऊन."
आभार मानले. पाय जड झाले होते. सकाळी व्यायाम जास्त झाला असता तर असंच झालं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
धम्मचक्र प्रवर्तन दिन. तिघंही पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेणीवर गेलो. गर्दी भरपूर. वंदना झाली, बरं वाटलं. मन शांत असेल तर काहीही जमतं हे पटलं.
उतरताना पायऱ्यांवर कठडा धरला. निव्वळ सवय. चैताली दोन पायऱ्या पुढे होती. थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि परत येऊन माझ्या दुसऱ्या बाजूने चालायला लागली. बारावीत गेल्यापासून मुलगी प्रेमळ झालीय.
ध्यान करायचं ठरवलं. उद्यापासून.

५ ऑक्टोबर, रविवार.
प्रत्यक्ष ट्रॅकवर प्रॅक्टिस. पेठ रस्त्याला गाडी लावून सायकल वर चढवली. सगळं ओळखीचं. ते झुडूपही.
पण मधोमध एक नवीन गोष्ट केलीय. मोठा खडक. गेल्या वर्षी ट्रॅक त्याला वळसा घालून जायचा. आता थेट त्याच्या डोक्यावर नेलाय आणि तिथून खाली सोडलाय. माणूसभर उंचीचा उतार, जवळजवळ भिंतच. राजने करून दाखवलं. मागे रेलला, पुढचं चाक हवेत गेलं, खाली गेला, पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. म्हणाला, "ब्रेक दाबायचा नाही काका, बास. खडक तुम्हाला स्वतःच खाली सोडतो."
मी कडेपर्यंत गेलो. अभ्यास केला. फोटो काढले. पुन्हा गेलो. पुन्हा अभ्यास केला.
तिथे अक्काबाई नावाची एक म्हातारी टोपलीत काकड्या घेऊन बसते. खालच्या पाड्यावरची. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मागल्या साली पडला होता तोच ना? रगत काय नव्हतं आलं, पन वरडला लय."
मी ओरडलो नव्हतो. मी मदतीची सूचना देत होतो.
खडकावरून गेलो नाही. रेसच्या आधी ताकद राखून ठेवावी लागते.

८ ऑक्टोबर, बुधवार.
कॉलनीच्या गेटवर फ्लेक्स लागलाय. 'एकलहऱ्याचा वाघ बुद्धभूषण पगारे यांना हार्दिक शुभेच्छा.' खाली सगळ्या शिफ्टचे फोटो, पासपोर्ट साइजचे. वर एक रायडर कड्यावरून हवेत झेपावलाय आणि त्याच्या धडावर माझं डोकं बसवलंय, युनियनच्या कार्डावरचं, टाय लावलेलं.
चैताली बराच वेळ बघत होती. म्हणाली, "पप्पा, हे तर खाली पडतायत."
झेप आहे ती, असं सांगितलं.
सोसायटीतली लहान पोरं मला बघून डरकाळी फोडतात. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. एवढं प्रेम झेपत नाही. छातीत धडधडतं. ध्यान राहिलंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ.
सुवर्णाशी बोललो. शेवटी बायकोचं मत घ्यायला हवं. गेल्या वर्षी तिला फार त्रास झाला. शाळेत शिकवून यायची, मला भरवायची, अंघोळ घालायची, केस विंचरायची. कधी बोलली नाही. मी म्हणालो, "तुला भीती वाटत असेल तर सांग. तू नको म्हणालीस तर मी एका शब्दाने विचारणार नाही. आत्ता राजला फोन करतो."
ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, "मी नको म्हणणार नाही."
मी म्हणालो, "पण वाटत असेल तर."
"मग जन्मभर ऐकायचं मी, की तू अडवलंस म्हणून. भीती माझी मी बघते. तुमची तुम्ही बघा."
मला भीती नाही हे तिला दोनदा सांगितलं. म्हणाली, "बरं." पोळी तव्यावर टाकली. ती करपली. तिची कधी करपत नाही.
म्हणजे तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार.
सकाळपासून अंगात कणकण. थर्मामीटर लावला. नॉर्मल. तो जुना आहे. शेजाऱ्यांचा आणला. तोही नॉर्मल. हल्ली काही विश्वासाचं मिळत नाही.
सायकल तपासली. काहीतरी बिघडलेलं असायला हवं होतं. ब्रेक, चाकं, चेन, सगळं उत्तम.
चहा सुरू केला.

१२ ऑक्टोबर, रविवार. पहाट.
झोप चांगली लागली असती. निघतोय. आज जिंकणार. माझ्या गटात अजूनही मीच आहे.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ.
नीट लिहून ठेवतो.
टेम्पो भरून माणसं आली होती. साहेब, मिसेस, कोंडाजी ढोल घेऊन. सगळे खाली शेवटच्या कमानीपाशी थांबले. हवा भरलेली मोठी निळी कमान. मी वर गेलो. मास्टर्स गट आधी सोडतात, म्हणजे मला एकट्याला. लाकडी फळीवर उभा राहिलो. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. बीप वाजला आणि मी सुटलो.
खरोखर सुटलो. पहिलं वळण नीट घेतलं. दुसरं, जिथे पडलो होतो ते, दोन्ही ब्रेक दाबून का होईना, पार केलं. कोणीतरी ओरडलं, "काका, भारी." क्षणभर मला वाटलं की मी हे करतोय.
मग खडक आला.
थांबलो. तिथे शिट्टी घेऊन एक कार्यकर्ता उभा होता. म्हणाला, जा तरी किंवा बाजूला तरी व्हा, मागून पोरं येतायत. मी म्हणालो, चेनमध्ये काहीतरी झालंय. त्याने वाकून चेन पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "हां, बघा तुमचं तुम्ही." सायकल बाजूला घेतली आणि चेनपाशी बसलो.
पोरं येत गेली. एकेक जण हवेत जायचा आणि खाली उतरायचा. एक मुलगी तर हसत गेली. प्रत्येक वेळी ठरवलं, हा गेला की मी. दोनदा सायकलवर बसलोही. पाय पेडलवर ठेवला की खांद्यातून ते हाड मोडल्याचा आवाज यायचा. एक वर्ष झालं, पण आवाज तसाच आहे. कोरड्या काटकीसारखा.
मग पोरं यायची थांबली. कार्यकर्ता शिट्टी खिशात घालून गेला. लोक पांगले.
अक्काबाई टोपली आवरत होती. म्हणाली, "सगळी गेली, दादा. तुला पन जायाचं ना?"
मी म्हणालो, "जमत नाहीये."
हे मी तिला का सांगितलं कळत नाही. ती म्हणाली, "मंग उतर की चालत. हिकडून पायवाट हाय. मी बी तिकडूनच चालले." तिचे गुडघे दुखतात म्हणून टोपली हँडलला अडकवली. आम्ही चालत खाली आलो. ती नातवाच्या लग्नाचं सांगत होती. मी हं हं करत होतो.
खाली आलो तेव्हा कमानीतली हवा काढत होते. दोन पोरं तिच्यावर लोळून उरलेली हवा दाबत होती. राज धावत आला. त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, "काका, टायमिंग बंद केलं हो. मास्टर्सचा पहिला नंबर कोणालाच दिला नाही."
कोंडाजी आणि मंडळी जेवायला ढाब्यावर गेली होती. साहेबही गेले होते. चैताली आली, हेल्मेट माझ्या हातातून घेतलं आणि टोपली उतरवून अक्काबाईच्या डोक्यावर दिली.
सुवर्णा आंब्याच्या झाडाखाली एकटी बसून जेवत होती. डबा उघडा, भाकरी, वांग्याचं भरीत. मोठे मोठे घास घेत होती. मी समोर उभा राहिलो तरी थांबली नाही. तोंडातला घास संपल्यावर म्हणाली, "काल रात्रीपासून काही उतरत नव्हतं. इथून तो खडक दिसतो. तुम्ही सायकल बाजूला घेऊन बसलात ना, तेव्हा भूक लागली."
"मग अजून जेवतेच आहेस?"
"तुम्ही दोनदा परत बसलात सायकलवर. दोनदा डबा बंद केला."
सरकून तिने जागा केली. डब्याचं झाकण माझ्यापुढे ठेवलं, त्यात भाकरी आणि भरीत. गार झालं होतं.
तिला चेनचं सांगायचं होतं. वाटेत वाक्य तयार केलं होतं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं.
तिने मीठ बरोबर आहे का विचारलं. बरोबर होतं. दीड भाकरी खाल्ली.